गाणं पूर्ण झालं, हे ठरवणार कोण? : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या व्यक्तीला इथे ‘क्ष’ म्हटलं आहे. क्ष चाळिशीच्या उंबरठ्यावर आहे. पूर्णवेळ नोकरी करून संगीतासाठी तिला आठवड्याला जेमतेम पाच तास मिळतात. गिटार अकरा वर्षांपासून हातात आहे आणि गेली चार वर्षं ती घरीच ध्वनिमुद्रण करते. सामान साधं: एक अकूस्टिक गिटार, एक कंडेन्सर माइक, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारं यंत्र), २५ पट्ट्यांचा, संगणकाला जोडायचा मिडी कीबोर्ड, हेडफोन आणि लॅपटॉप. चाली तिच्याच, शब्दही बहुतेक तिचेच.

पहिल्या तीन वर्षांत तिनं १९ गाणी प्रसिद्ध केली. सुरुवातीच्या सहा गाण्यांकडे फारसं कुणी फिरकलं नाही आणि तिला त्याचं काही वाटलंही नाही. सातवं गाणं एका मोठ्या प्लेलिस्टमध्ये गेलं आणि दोन महिन्यांत सुमारे ४०,००० वेळा ऐकलं गेलं. त्यानंतरची बारा गाणी ३०० ते ९००च्या मध्ये कुठेतरी थांबली.

क्षचं घर संगीतावर चालत नव्हतं, त्यामुळे पैशाची ओढाताण नव्हती. तरीही एक नियम तिला लागला. २०२४पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम झालेलं गाणंच मानधनाच्या हिशेबात धरलं जातं. बुडालेली रक्कम नगण्य होती, पण आपली बारा गाणी ‘धरलीच जात नाहीत’ हे वाक्य तिच्या डोक्यात घर करून बसलं.

अडचण

क्षनं आमच्याकडे मदत मागितली तेव्हा आठ महिन्यांत एकही गाणं पुरं झालेलं नव्हतं. लॅपटॉपवर ३१ अर्धवट प्रकल्प होते आणि बहुतेकांत आठ मात्रांचा किंवा आठ बारचा (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन) एक लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा, त्यावर तीन-चार ट्रॅक (वेगवेगळे नोंदवलेले थर), एवढंच. बैठकीचा नमुना ठरलेला. प्रकल्प उघडायचा, लूप तीस-चाळीस वेळा ऐकायचा, किकचा (ड्रमच्या खर्जातल्या ठोक्याचा) आवाज बदलायचा, नवं प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारं जोड-सॉफ्टवेअर) लावून बघायचं, कान थकले की बंद करायचं. दुसऱ्या दिवशी तोच लूप शिळा वाटायचा. चाळीस वेळा ऐकलेली कोणतीही गोष्ट शिळीच वाटते, पण क्षनं त्याचा अर्थ ‘कल्पनाच फालतू होती’ असा लावला होता.

आकडे पाहण्याची सवय वेगळी होती. नवीन काही प्रसिद्ध झालेलं नसतानाही ती दिवसातून दहा-बारा वेळा श्रोत्यांच्या आकड्यांचं अ‍ॅप उघडायची. एरवी काही नाही, पण कधीतरी अचानक वीस-पंचवीसची उडी. बक्षीस केव्हा मिळेल याचा नेम नसला की वागणूक सर्वांत चिवट होते, हे प्रयोगशाळेत फार पूर्वीच दिसलं आहे. ‘मन खंबीर कर’ हा सल्ला इथे कुचकामी ठरतो तो यामुळे.

तिसरी गोष्ट तिच्याही लक्षात आली नव्हती. तिची सगळी गाणी क्रमानं ऐकल्यावर ती कळली. पहिल्या सहा गाण्यांत गाणं सुरू होण्याआधी गिटारचा सावकाश उलगडणारा तुकडा होता, वीस ते पस्तीस सेकंदांचा. आठव्या गाण्यापासून तो आखूड होत गेला आणि शेवटच्या पाच गाण्यांत गाणारा आवाज आठव्या-नवव्या सेकंदालाच येतो. कारण उघड होतं: ३० सेकंद ऐकलं गेलं तरच स्ट्रीम मोजला जातो, म्हणून ऐकणारा त्याआधी निघून जाऊ नये ही धडपड. ज्या तुकड्यासाठी तिनं गिटार हातात धरली होती, तोच तिनं स्वतःच्या हातानं कापून टाकला होता. आनंद गेला कुठे, याचं निम्मं उत्तर इथेच होतं.

आधी एक खात्री

पुढे जाण्याआधी एक प्रश्न विचारला गेला. तो कोणत्याही अशा प्रकरणात आधी विचारायला हवा: गोडी फक्त संगीतातली गेली आहे की सगळ्यातलीच? झोप, भूक, माणसांत मिसळणं, आवडीच्या इतर गोष्टी हे सगळंच दोन आठवड्यांहून अधिक काळ फिकं वाटत असेल, तर तो विषय वेळापत्रकाचा आणि माइकचा राहत नाही. डॉक्टरांशी बोलायला हवं. क्षच्या बाबतीत बाकी सगळं ठीक होतं. मरगळ लॅपटॉप उघडल्यावर यायची आणि मिटल्यावर जायची.

दोन आठवड्यांची नोंद

काहीही न बदलता दोन आठवडे फक्त लिहून ठेवायचं ठरलं. प्रत्येक बैठकीनंतर चार गोष्टी: काय केलं, किती मिनिटं, किती रमलो (० ते ५), आणि दुसऱ्या दिवशी आपणहून पुन्हा बसावंसं वाटलं का. शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगी पडतो. बैठक संपताना थकवा असतो, त्यामुळे त्या क्षणाचा आकडा फसवू शकतो. दुसऱ्या दिवशीची ओढ सहसा फसवत नाही.

अकरा बैठका झाल्या, एकूण ५८० मिनिटं. त्यांतली २४५ मिनिटं मिक्सिंग (सगळे ट्रॅक एकत्र जुळवणं) आणि आवाज घासण्यापुसण्यात गेली. तयार ध्वनी शोधण्यात ११०. मुखपृष्ठ, प्रसिद्धी आणि आकडे यांत १२०. शब्दांवर ४०. गिटार हातात घेऊन चाल शोधण्यात ६५.

४ किंवा ५ गुण कुठे मिळाले? त्या ६५ मिनिटांत, आणि शब्दांच्या साधारण निम्म्या वेळात. बाकी सगळीकडे १ किंवा २. म्हणजे संगीतातली गोडी शाबूत होती. शंभरातली जेमतेम पंधरा मिनिटंच तिच्या वाट्याला येत होती, एवढंच.

ही नोंद पाहून क्ष बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “मी आठ महिने म्हणत होते की मला आता संगीत आवडत नाही.”

असं का होतं

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली होती. ज्यांना मध्यंतरी त्याबद्दल पैसे मिळाले, ते पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळात कोड्यांकडे कमी वळले. १९७३मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवर्गातल्या मुलांवर केलेला प्रयोग क्षच्या गोष्टीला अधिक जवळचा आहे. चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल असं आधी सांगितलेली मुलं नंतर आपणहून चित्र काढायला कमी बसली, प्रमाणपत्र न मिळालेल्या मुलांच्या जवळपास निम्मा वेळ. पण ज्यांना ते अनपेक्षितपणे, चित्र काढून झाल्यावर मिळालं, त्यांची गोडी कमी झाली नाही.

हा फरक इथे नेमका लागू पडतो. सातव्या गाण्याचे ४०,००० हे अनपेक्षित बक्षीस होतं. त्यानं काही बिघडवलं नाही. आठव्या गाण्यापासून तेच बक्षीस अपेक्षित झालं आणि तिथून घसरण सुरू झाली. हे प्रयोग गटांच्या सरासरीबद्दल बोलतात, एका माणसाबद्दल नाही, ही मर्यादा धरूनही गाण्यांचा क्रम आणि नोंदवही दोन्ही त्याच दिशेला बोट दाखवत होती.

एका वाक्यात मांडायचं तर, गाणं ‘पूर्ण झालं’ हे ठरवण्याचा अधिकार क्षनं नकळत बाहेर देऊन टाकला होता. आधी शेवटचा स्वर विरला की गाणं व्हायचं. नंतर कुणीतरी ऐकलं की व्हायचं. न ऐकलं गेलेलं गाणं तिच्या लेखी झालंच नव्हतं, आणि जे कधी होणारच नाही ते सुरू करायला हात धजावत नाही.

विचारात घेतलेले पर्याय

तीन महिने पूर्ण विश्रांती हा पहिला पर्याय. खरी दमणूक असेल तर तो उत्तम. पण आठ महिने जवळपास तेच चाललं होतं आणि गिटारजवळचा वेळ तर आधीच तुटपुंजा होता.

दुसरा पर्याय यशाकडेच जोर लावण्याचा: मिक्सिंगचा अभ्यासक्रम, प्रसिद्धीवर खर्च, ठरावीक दिवशी गाणी. याला क्षचा ओढा होता. कोणाला कारकीर्दच करायची असेल तर हा मार्ग चुकीचा नाही. पण जो दोर आधीच ताणलेला होता त्यावरच यानं आणखी वजन पडलं असतं.

तिसरा, तीस दिवसांत तीस चाली. ठरावीक काळात ठरावीक गाणी करण्याचे उपक्रम अनेकांना उपयोगी पडतात, कारण वेग वाढला की स्वतःवर टीका करायला उसंत मिळत नाही. क्षनं पूर्वी दोनदा असं केलं होतं, एकदा नवव्या आणि एकदा बाराव्या दिवशी साखळी तुटली, आणि दोन्ही वेळा त्यानंतर महिनाभर गिटारला हात लागला नाही. जिथे एक दिवस चुकला की सगळंच फसलं असं वाटतं, तिथे रोजची साखळी हे धोक्याचं साधन आहे.

चौथा पर्याय निवडला गेला: बारा आठवडे काहीही प्रसिद्ध करायचं नाही, छोटे पण पूर्ण तुकडे करायचे, आणि ‘पूर्ण’ची व्याख्या स्वतः लिहून ठेवायची. पाचवा, इतरांबरोबर वाजवण्याचा, ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला राहिला. ती चूक होती. तिच्याकडे पुढे येऊच.

काय केलं

वेळ. आठवड्यात तीन बैठका, प्रत्येकी ४५ मिनिटं. पूर्वीच्या पाच तासांपेक्षा हे मुद्दाम कमी ठेवलं. पहिली १५ मिनिटं लॅपटॉप बंद, फक्त वाद्य. पुढची २५ ध्वनिमुद्रण. शेवटची ५ नोंद आणि आवराआवर. फोन दुसऱ्या खोलीत. सुरुवात कशानं होईल हेही नक्की केलं: खुर्चीत बसल्यावर पहिलं काम तारा सुरात लावणं. ‘संगीत करायला बसायचं’ हा निर्णय जड असतो. ‘सहा तारा लावायच्या’ हा हलका असतो. तारा लागेपर्यंत हात आपोआप काहीतरी छेडू लागतात.

जागा. गिटार पेटीतून बाहेर, स्टँडवर. जुन्या मंद पडलेल्या तारा बदलल्या. माइक कायमचा स्टँडवर, गिटारच्या बाराव्या पट्टीकडे रोखलेला, २० ते ३० सेंटिमीटर अंतरावर. तो थेट छिद्राकडे रोखला की खर्ज घुमतो आणि मग तो काढण्यात अर्धा तास जातो. पातळी एकदाच लावून ठेवली: सर्वांत जोरात छेडलं तरी शिखर उणे १० डेसिबलच्या वर जाणार नाही अशी, २४ बिटमध्ये. एवढी मोकळीक ठेवली की दर वेळी पातळी तपासावी लागत नाही.

संगणक. इथे एक अगदी यांत्रिक अडथळा सापडला. क्षच्या सगळ्या प्रकल्पांत बफर (आवाज पुढे पाठवण्याआधी संगणक जितका साठवून घेतो तो भाग) १०२४ सॅम्पलवर, म्हणजे आवाजाच्या सूक्ष्म नमुन्यांवर, होता, कारण मिक्सिंगच्या जड प्लगइनना तो लागतो. ४८ किलोहर्ट्‌झवर १०२४ सॅम्पल म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद, आणि आत येताना व बाहेर जाताना धरून चाळीसच्या वर. शिवाय मास्टरवरचा (सगळे ट्रॅक शेवटी जिथे एकत्र येतात तिथला) लिमिटर, म्हणजे आवाज ठरलेल्या पातळीवर अडवणारं प्लगइन, स्वतःचा उशीर घालत होता तो वेगळा. म्हणजे तार छेडल्यावर आवाज हेडफोनमध्ये कानाला जाणवेल इतका उशिरा पोहोचायचा. बोटं आणि कान यांची फारकत झाली की वाजवणं निबर वाटतं. क्षला वाटत होतं की आपला हातच बसत नाही. नवा टेम्प्लेट (दर वेळी वापरायचा तयार साचा) केला: तीन ट्रॅक (गिटार, आवाज, आणि एक मोकळा), मास्टर रिकामा, बफर १२८. उशीर दहा मिलिसेकंदांच्या आत आला. पहिल्याच बैठकीनंतर तिनं नोंदवहीत लिहिलं, “गिटार पुन्हा माझ्या हातात आहे.” ज्यांना ध्वनिमुद्रण करताना रमता येत नाही, त्यांनी स्वतःच्या मनात डोकावण्याआधी बफरचा आकडा पाहावा.

तुकडा. लांबी ६० ते ९० सेकंद. जास्तीत जास्त तीन ट्रॅक. प्रत्येकी दोन बैठका, त्यानंतर तो जसा असेल तसा बंद. आवाजाची पातळी, डावं-उजवं आणि एकच रिव्हर्ब (आवाज घुमवणारा परिणाम), याव्यतिरिक्त मिक्सिंग नाही. फाइल वेव्ह स्वरूपात काढायची, नावात तारीख, आणि प्रकल्प ‘बंद’ या फोल्डरमध्ये.

बंधन. प्रत्येक तुकड्याला एकच, चिठ्ठी काढून. फक्त चार स्वर वापरायचे. सोळा बार एकाच कॉर्डवर राहायचं. सात मात्रा, तीन-दोन-दोन अशा विभागून. कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) पाचव्या पट्टीवर. शेवट आधी वाजवायचा आणि तिथपर्यंत पोहोचणारी वाट मागून शोधायची. तारा वेगळ्या स्वरांत लावायच्या, म्हणजे ओळखीच्या जागी हात ठेवला तरी अनोळखी आवाज येतो. हे शेवटचं बंधन सर्वांत फलदायी ठरलं. अकरा वर्षांच्या सरावात बोटांना ठरलेल्या वाटा पडलेल्या असतात. त्या एकदम पुसल्या की माणूस पुन्हा नवशिक्याच्या कुतूहलानं वाजवू लागतो.

पूर्णची व्याख्या भिंतीवर लावली: सुरुवात आहे, शेवट आहे, आणि मला पुन्हा ऐकावीशी वाटणारी एक तरी जागा आहे. तिसरी अट नसेल तरी तुकडा बंद होतोच. फक्त तसं लिहून ठेवायचं.

आकड्यांचं अ‍ॅप काढून टाकलं आणि वितरणाच्या खात्याचा पासवर्ड घरातल्या एका व्यक्तीनं बदलून स्वतःकडे ठेवला.

वाटेतली वळणं

*दुसरा आठवडा.* रमण्याचे गुण वाढण्याऐवजी घसरले. पहिले दोन तुकडे क्षला बाळबोध वाटले. तिसरा तुकडा तिनं बंद फोल्डरमधून परत बाहेर काढला आणि दीड तास घासत बसली. हे अपेक्षित होतं आणि तिला तसं आधी सांगायला हवं होतं. चार वर्षं आवाजाच्या झिलईमागे चाल लपत होती. झिलई काढल्यावर चाल उघडी पडली आणि ती सुरुवातीला लंगडी निघाली. निर्णय असा झाला की बंद झालेला तुकडा आवडला तर त्याचा नवा तुकडा करायचा, नव्या टेम्प्लेटमध्ये, पहिल्यापासून वाजवून. जुनी फाइल उघडायची नाही. नव्यानं वाजवताना चाल थोडी बदलते, आणि बदलेल तितकी सुधारते.

*पाचवा आठवडा.* तापामुळे तीनही बैठका हुकल्या. भरपाई म्हणून तिनं शनिवार-रविवारात पाच बैठका केल्या आणि डावं मनगट दुखायला लागलं. दोन नियम जोडले गेले. हुकलेली बैठक पुढे ढकलायची नाही, ती गेली. आणि अंगात त्राण नसेल त्या दिवसासाठी किमान बैठक: दहा मिनिटं, तारा लावून एक आवडती जुनी चाल वाजवायची, ध्वनिमुद्रण नाही. पुढच्या सात आठवड्यांत ही किमान बैठक चार वेळा वापरली गेली आणि त्यांतल्या दोनदा ती आपणहून लांबली.

*सहावा आठवडा.* या प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय इथे होता. सात तुकडे बंद झाले होते, वाजवताना मजा येत होती, आणि तरीही एका बैठकीनंतर क्षनं लिहिलं, “कुणासाठी? भिंतीसाठी?” पुढच्या बैठकीत ती नुसती बसून राहिली.

इथे योजनेतला दोष उघडा पडला. टाळ्या आणि श्रोता या दोन गोष्टी एकत्र बांधून दोन्ही हद्दपार केल्या होत्या. संगीत ऐकवावंसं वाटणं हा काही रोग नाही. चाल सुचली की माणूस कुणालातरी हाक मारतो. डेसी आणि त्यांचे सहकारी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड रायन यांच्या मांडणीत आतून येणाऱ्या प्रेरणेला तीन गोष्टी लागतात: आपली निवड, हात बसत असल्याची जाणीव आणि माणसांशी नातं. पहिल्या दोन योजनेत होत्या. तिसरी नव्हती.

तीन वाटा होत्या. एक तुकडा प्रसिद्ध करायचा, म्हणजे आकड्यांचं दार पुन्हा किलकिलं होणार. बारा आठवडे कसेबसे रेटायचे, म्हणजे बहुधा आठव्यातच गिटार पेटीत जाणार. किंवा एकच श्रोता शोधायचा. तिसरी वाट घेतली. क्षचा काहोन (वर बसून हातानं वाजवायचं पेटीसारखं तालवाद्य) वाजवणारा एक जुना मित्र होता, तीन वर्षांत बोलणं झालेलं नव्हतं. दर दुसऱ्या रविवारी त्याला एक तुकडा पाठवायचा, आणि त्यानं ‘छान’ किंवा ‘बरं नाही’ असं काही म्हणायचं नाही. एकच प्रश्न: “कोणत्या सेकंदाला मागे जाऊन पुन्हा ऐकलंस?”

प्रश्न असा बेतला होता की उत्तरात निकाल येऊच नये, पण लक्ष देऊन ऐकल्याची खूण यावी. पहिलं उत्तर आलं: “४१. तिथे तू थांबलीस आणि मला वाटलं गाणं संपलं.” क्षनं तो थांबा मुद्दाम घेतलेला नव्हता, ती चुकली होती. पुढच्या तुकड्यात तिनं तो मुद्दाम घेतला. दुसऱ्या खेपेला मित्रानं तुकडा परत पाठवला तो त्यावर ठेका वाजवूनच. नवव्या आठवड्यापासून दोघं तीन आठवड्यांतून एकदा समोरासमोर बसू लागले.

*नववा आठवडा.* सात मात्रांचा एक तुकडा खरोखर चांगला झाला, आणि चांगला झाल्याबरोबर जुनी ओढ जागी झाली. दोन तासांत क्षनं त्याची सुरुवात वीस सेकंदांनी कापली, दोन अंतरे जोडले, मुखडा पुढे ओढला. मग स्वतःच थांबली आणि नोंदवहीत लिहिलं की कापताना ती कोणत्या प्लेलिस्टचा विचार करत होती. मूळ फाइल ‘बंद’मध्ये सुरक्षित होती म्हणून नुकसान झालं नाही. बंद फोल्डरला हात न लावण्याचा नियम आधी कडक वाटला होता, पण या तुकड्याला वाचवलं ते त्यानंच.

निष्पत्ती

३६ ठरलेल्या बैठकांपैकी २७ झाल्या. १८ तुकड्यांचा अंदाज होता, १४ बंद झाले. काही एकाच बैठकीत संपले. पुन्हा ऐकावीशी वाटणारी जागा असलेले तिच्या हिशेबानं नऊ, आणि महिन्याभरानं आपणहून ऐकलेले पाच.

शेवटच्या दोन आठवड्यांत सहा बैठका, २७० मिनिटं. वाजवणं आणि चाल शोधणं १३०, शब्द आणि गाणं ६०, ध्वनिमुद्रण ५५, आवाजाची घासपूस २५. आधीच्या नोंदीशी ताडून पाहिलं तर एकूण वेळ निम्म्याहून कमी आणि हातात वाद्य असलेला वेळ दुप्पट.

चौदाव्या आठवड्यात क्षनं चार तुकडे प्रसिद्ध केले, सुरुवातीचे सावकाश तुकडे अखंड ठेवून. आकडे पाहायचे ते तीस दिवसांनी, एकदाच, असं ठरलं होतं. तिसाव्या दिवशी चारही मिळून २१२ स्ट्रीम होते. तिला वाईट वाटलं, आणि तिनं ते लपवलं नाही. त्या संध्याकाळची बैठक मात्र ठरल्याप्रमाणे झाली, आणि नोंदीत त्या दिवशी आकड्यांचा उल्लेख नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची एक जागा सापडल्याचा आहे.

सगळं सुटलं असं नाही. ओळखीच्या एखाद्याचं गाणं गाजलं की पुढच्या एक-दोन बैठका अजूनही फिक्या जातात. मिक्सिंगचा हात मंदावला आहे; पूर्वी तासाभरात जमणाऱ्या कामाला आता दोन लागतात. ज्या प्लेलिस्ट चालवणाऱ्यांशी ओळखी होत्या त्या थंडावल्या. ही खरी किंमत आहे आणि प्रत्येकाला ती परवडेलच असं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

साथीदार पहिल्याच आठवड्यात हवा होता. सहाव्या आठवड्यातली पोकळी टळली असती. एका माणसानं लक्ष देऊन ऐकणं आणि हजारांनी ऐकणं या वेगवेगळ्या भुका आहेत, आणि पहिली भागली की दुसरी बरीच शमते. हे आम्ही योजना आखताना पुरेसं धरलं नव्हतं.

० ते ५ हा आकडा चौथ्या आठवड्यानंतर बंद करायला हवा होता. दहाव्या आठवड्यात क्ष बैठक सुरू असतानाच ‘आज ३ की ४?’ असा विचार करू लागली. एका मोजणीतून सोडवून दुसरीत अडकवल्यासारखं झालं. निदान करताना आकडा हवाच, पण निदान झाल्यावर एक शब्द किंवा एक ओळ पुरते. बाराव्या आठवड्यानंतर नोंदीत फक्त ‘आज काय सापडलं’ एवढीच ओळ राहिली.

टेम्प्लेट आणि बफर ही कामं नोंदीच्या दोन आठवड्यांआधी केली असती, तर कदाचित अडचणीचा आकारच वेगळा दिसला असता. यांत्रिक अडथळे आधी दूर करावेत, मनाचे नंतर तपासावेत. आम्ही उलट क्रमानं गेलो.

ज्यांचं पोट संगीतावर आहे त्यांना बारा आठवडे प्रसिद्धी थांबवा असं सांगणं निरर्थक आहे. त्यांच्यासाठी यातला एक भाग तेवढा उचलता येईल: आठवड्यातली एक बैठक अशी, जिच्यातलं काहीही गिऱ्हाइकाला, मंचाला किंवा खात्याला कधीच जाणार नाही, आणि तो फोल्डर वेगळा. ती बैठक सर्वांत आधी वेळापत्रकात घालावी, कारण उरलेल्या वेळेत ती कधीच बसत नाही.

त्या ३१ प्रकल्पांचं काय झालं

सोळाव्या आठवड्यात क्षनं ते एकेक करून उघडले, प्रत्येकाला तीन मिनिटं, घड्याळ लावून. मिक्सिंगला हात लावायचा नाही, फक्त एकदा सुरुवातीपासून ऐकायचं आणि गिटारची एखादी ओळ पुन्हा वाजवावीशी वाटली तर ती वाजवून नव्या टेम्प्लेटमध्ये नोंदवायची. अशा सहा ओळी निघाल्या. २५ प्रकल्प बाहेरच्या डिस्कवर हलवले. सहापैकी एक ओळ आठ महिन्यांपूर्वीच्या सर्वांत शेवटच्या प्रकल्पातली होती, किकच्या सोळा आवृत्त्यांखाली गाडली गेलेली. काहोनवाला मित्र सध्या तिच्यावर ठेका बसवतो आहे.